गुरुवारचा पाऊण तास : आयुष्य रुतल्यासारखे वाटते तेव्हा

प्रश्न (थोडक्यात) : मी ४३ वर्षांचा आहे. चाकणला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात गुणवत्ता विभागात १६ वर्षे काम करतो आणि निगडीला राहतो. पत्नी शिक्षिका आहे, मुलगी दहावीत आहे, गृहकर्जाची ९ वर्षे शिल्लक आहेत. वडील कराडजवळ गावी एकटे असतात, त्यांचेही बघायचे राहून गेले आहे. तसे सगळे ठीक आहे, पण दोन-तीन वर्षे गाडी चिखलात रुतल्यासारखी वाटते. सगळे म्हणतात, आत्मपरीक्षण कर. वेळ मिळत नाही आणि मिळाला तर डोक्यात तेच ते फिरत राहते. रात्री दीड-दोनपर्यंत मोबाइल पाहत बसतो. दहा दिवस विपश्यनेला जाऊन यावे, की नोकरीच सोडावी? आत्मपरीक्षण म्हणजे बसून नेमके करायचे काय?

उत्तर : तुमचे मूळ पत्र चार पानांचे आहे. त्यातली तीन पाने हुकलेली बढती, नवे वरिष्ठ आणि तुमच्यानंतर रुजू होऊन पुढे गेलेले सहकारी यांच्याविषयी आहेत. वडिलांविषयी एकच ओळ आहे. तिच्याकडे मी नंतर येईन. आधी एक गोष्ट बाजूला काढणे आवश्यक आहे, कारण ती तशीच राहिली तर पुढचे सगळे सांगणे वाया जाईल.

तुम्ही रात्री दीड-दोनला झोपता, सकाळी सव्वासातची कंपनीची बस पकडता, म्हणजे सहाला उठता. साडेचार तासांच्या झोपेवर कुणालाही आपले आयुष्य रुतलेलेच वाटेल. त्यामुळे पहिले दोन आठवडे आत्मपरीक्षण करू नका. मोबाइल स्वयंपाकघरात चार्जिंगला लावून अकराला अंथरुणावर पडा आणि साडेसहा-सात तासांच्या झोपेनंतर हेच पत्र पुन्हा लिहावेसे वाटते का, ते पाहा. त्याच काळात एकदा फॅमिली डॉक्टरांकडे जाऊन साखर, हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि ब जीवनसत्त्वांपैकी बी-१२ तपासून घ्या. घोरण्याची तक्रार घरच्यांनी केली असेल तर तीही डॉक्टरांना सांगा. आत्म्याचे दुखणे समजून माझ्याकडे आलेली आणि पुढे थायरॉइडचे दुखणे निघालेली माणसे मी गेल्या बावीस वर्षांत पुष्कळ पाहिली आहेत.

शिवाय, सलग दोन आठवडे, जवळजवळ दररोज, दिवसाचा बराचसा वेळ मन उदास राहत असेल, पूर्वी आवडणाऱ्या कशातच रस वाटत नसेल, भूक-झोप बिघडली असेल, आपण निरुपयोगी आहोत किंवा आपण नसलेलेच बरे असे विचार येत असतील, तर हा प्रश्न वही-पेन्सिलीने सोडवायचा नाही. ते नैराश्य असू शकते आणि त्यावर मानसोपचारतज्ज्ञांचे उपचार आहेत. केंद्र सरकारची टेली-मानस ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य उपलब्ध आहे आणि तिथे मराठीतून बोलता येते. नैराश्यात असलेल्या माणसाला ‘स्वतःकडे प्रामाणिकपणे बघ’ असे सांगणे क्रूरपणाचे ठरते, कारण त्या अवस्थेत त्याला स्वतःविषयी जे दिसते ते आधीच काळवंडलेले असते. तुमच्या पत्रावरून तसे मला वाटले नाही: मुलीच्या गणिताविषयी तुम्ही लिहिलेला परिच्छेद चांगलाच खुसखुशीत आहे. तरीही पत्रावरून निदान करू नये, म्हणून हे लिहिले.

आता ‘डोक्यात तेच ते फिरत राहते’ याविषयी. ज्याला तुम्ही विचार करणे म्हणता आहात तो बहुतांशी रवंथ आहे. सुझान नोलेन-होक्सिमा या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ याच विषयाचा अभ्यास करत होत्या. १९८९ च्या ऑक्टोबरमध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात मोठा भूकंप झाला, त्याच्या दोनच आठवडे आधी त्यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांकडून, मन उदास झाले की तुम्ही काय करता, अशा स्वरूपाच्या प्रश्नावल्या योगायोगाने भरून घेतल्या होत्या. भूकंपानंतर दहा दिवसांनी आणि पुन्हा सात आठवड्यांनी तपासले, तेव्हा आपल्याच दुःखाभोवती घिरट्या घालण्याची सवय ज्यांना आधीपासून होती, त्यांच्यात उदासीची लक्षणे अधिक आढळली. भूकंप सगळ्यांचा एकच होता. ‘विचारांचे गुऱ्हाळ’ हा शब्दप्रयोग मला नेहमी गुऱ्हाळावर अन्याय करणारा वाटतो. तुम्ही कराडकडचे आहात, तुम्हाला ठाऊक आहे की गुऱ्हाळात संध्याकाळपर्यंत गुळाची ढेप तरी पडते.

रवंथ ओळखण्याची माझी खूण साधी आहे. वीस मिनिटे विचार केल्यानंतर तुमच्या हाती आधी नसलेली एखादी माहिती आली का? एखादी तारीख, एखादा आकडा, एखाद्या प्रसंगाचा विसरलेला तपशील, ‘अरे, हे तर मी आधी कबूलच केले नव्हते’ असे काही? आले असेल तर ते परीक्षण होते. काहीच न येता फक्त मनाचा कडवटपणा वाढला असेल, तर तुम्ही रवंथ केलात, आणि तो आडवे पडून, अंधारात, दिवसभराच्या थकव्यावर केला असण्याची शक्यता फार मोठी आहे. स्वतःविषयीचा कोणताही विचार रात्री दहानंतर करायचा नाही, हा नियम मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला घालून देते. न्यायालयेसुद्धा रात्री बसत नाहीत.

मोबाइलविषयी मात्र स्वतःला फार दोष देऊ नका. टिमोथी विल्सन हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी व्हर्जिनिया विद्यापीठात केलेले काही प्रयोग २०१४ साली प्रसिद्ध झाले. त्यातल्या एका प्रयोगात माणसांना रिकाम्या खोलीत पंधरा मिनिटे आपल्या विचारांसोबत एकटे बसायला सांगितले आणि हाताशी विजेचा सौम्य धक्का देणारे एक बटण ठेवले. त्याच लोकांनी आधी तो धक्का अनुभवला होता आणि तो टाळण्यासाठी आपण पैसेही मोजू असे सांगितले होते. तरीही १८ पुरुषांपैकी १२ जणांनी आणि २४ स्त्रियांपैकी ६ जणींनी त्या पंधरा मिनिटांत बटण दाबून स्वतःला धक्का दिलाच. काही साधन हाती न देता माणसाला ‘शांत बस आणि विचार कर’ असे सांगितले की काय होते, ते यातून दिसते. म्हणून मी तुम्हाला बसायला सांगणार नाही, लिहायला सांगणार आहे.

वेळेचे काय? तुमच्याच पत्रातून मला एक गोष्ट सापडली, जी बहुधा तुमच्या लक्षात आली नाही. तुमच्या कारखान्याला गुरुवारी सुट्टी असते. पत्नी त्या दिवशी शाळेत जाते, मुलगीही शाळेत जाते. म्हणजे आठवड्यातून एकदा सकाळी साडेदहा ते दीडपर्यंत तुम्ही घरात एकटे असता. शहरातल्या संसारी माणसाला असे एकांताचे तीन तास मिळणे ही चैन आहे. त्या वेळात काय करता, तेही तुम्ही लिहिले आहे: बँक, गाडीचे सर्व्हिसिंग, सोसायटीची कामे, गीझर दुरुस्त करणाऱ्याची वाट पाहणे. यातले एकही काम खोटे नाही. पण बावन्न गुरुवारांपैकी बावन्न गुरुवार गीझर बिघडत नसतो. वेळ नाही, या तक्रारीखाली अनेकदा एक भीती असते: वेळ काढला आणि खाली बसून पाहिले तर काय दिसेल, याची. ती भीती असणे स्वाभाविक आहे, आणि ती जावी म्हणून वाट पाहण्याची गरज नाही.

तेव्हा सलग पाच गुरुवार, सकाळी अकरा ते पावणेबारा. पाऊणच तास, जास्त नाही. गजर लावा आणि गजर वाजला की वाक्य अर्धे असले तरी उठा. पलंगावर बसू नका, जेवणाच्या टेबलापाशी बसा. शंभर पानी साधी वही घ्या. चामडी वेष्टनाची महागडी डायरी घेतली की माणूस तिच्या तोलाची वाक्ये लिहू लागतो. पत्नीला आधीच सांगून ठेवा की मी काही लिहितो आहे आणि ते सध्या माझ्यापुरते आहे, नाहीतर लपवाछपवीचे एक नवेच प्रकरण सुरू होईल. माझ्याकडे येणाऱ्या एका गृहस्थांनी आपली वही स्कूटरच्या डिक्कीत, पीयूसी आणि विम्याच्या कागदांखाली ठेवली होती. दोन खोल्यांच्या घरात त्यांना तेवढीच जागा आपली वाटली. त्यांच्यावर हसू नका. स्वतःची म्हणावी अशी जागा नसणे, हाच त्यांच्या अडकलेपणाचा अर्धा भाग होता, असे पुढे निघाले.

पहिल्या गुरुवारी मनाविषयी एक अक्षरही लिहायचे नाही. तुमच्या विभागात एखादा भाग नाकारला जातो, तेव्हा लाल टॅगवर ‘भाग वाईट आहे’ असे तुम्ही लिहीत नाही. बोअरचा, म्हणजे आतल्या छिद्राचा, व्यास कमाल २५.०२१ मिलीमीटर हवा होता, प्रत्यक्ष २५.०३४ आला, असे लिहिता. ‘माझे आयुष्य रुतले आहे’ हे वाक्य लाल टॅगवर लिहिलेल्या ‘वाईट’ या शब्दाच्या दर्जाचे आहे. म्हणून पहिला दिवस मोजमापांचा. गेल्या दोन महिन्यांचे बँकेचे विवरण आणि फोनवरची देयके उघडा: पैसे कुठे गेले? फोनमधली कॉलची नोंद उघडा: वडिलांना किती फोन, किती मिनिटांचे? मित्रांपैकी कुणाला? मोबाइल रोज किती तास पाहता, हे तो स्वतःच सांगतो. भविष्य निर्वाह निधीत किती रक्कम जमा आहे, १६ वर्षांच्या नोकरीची ग्रॅच्युइटी अंदाजे किती होईल, कर्जाची मुद्दल किती उरली आहे, पगार थांबला तर पत्नीच्या पगारावर आणि शिलकीवर घर किती महिने चालेल? हा शेवटचा आकडा विशेष काळजीने काढा. ‘मी अडकलो आहे’ म्हणणाऱ्या दहा जणांपैकी सात-आठ जणांना मी हा आकडा विचारते तेव्हा तो त्यांना सांगता येत नाही. काढला की कुणाचा चार महिने निघतो, कुणाचा वीस. दोघांचे अडकणे सारखे नसते. नोकरी सोडावी का, या तुमच्या प्रश्नाला माझे आजचे उत्तर एवढेच आहे की हा आकडा माहीत नसताना तो प्रश्न विचारण्यात अर्थ नाही.

दुसरा गुरुवार मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून त्यावर थोडे रेंगाळते. आपल्या भाषेत एक मोठी सोय आहे: कर्त्याशिवाय वाक्य पूर्ण होते. ‘राहून गेले’, ‘जमले नाही’, ‘वेळ मिळाला नाही’, ‘विषय निघाला नाही’, ‘होऊन गेले’. काच फुटते, दूध उतू जाते, अभ्यास राहतो. कुणी काही करत नाही. सगळे आपसूक होते. ही मराठीची मृदुता आहे आणि चार माणसांत ती फार उपयोगी पडते. एकट्याने वहीपाशी बसल्यावर मात्र हीच सोय आडोसा होते. तुमच्या पत्रात मी मोजली, तर अशी एकवीस वाक्ये निघाली. ‘पुढचे शिक्षण राहून गेले.’ ‘साहेबांशी बोलणे झाले नाही.’ ‘पुण्याबाहेरची संधी आली होती, पण ते काही जुळून आले नाही.’ आणि ‘त्यांचेही बघायचे राहून गेले आहे.’

दुसऱ्या गुरुवारी अशी दहा-बारा वाक्ये आठवून डाव्या पानावर लिहा आणि प्रत्येकासमोर उजव्या पानावर तेच वाक्य ‘मी’ घालून पुन्हा लिहा. ‘साहेबांशी बोलणे झाले नाही’ याचे ‘मी साहेबांशी बोललो नाही, कारण…’ असे होईल. त्या ‘कारण’पाशी हात थांबेल. थांबू द्या. पहिले सुचेल ते कारण बहुधा चारचौघांत सांगण्याजोगे असेल. त्याखाली ‘आणि’ लिहून दुसरे लिहा.

माझे स्वतःचे वाक्य ‘पीएच.डी. राहून गेली’ असे होते. ११ वर्षे मी ते सांगत होते आणि त्याला जोडून सासूबाईंचे आजारपण सांगत होते. ऐकणारा माझ्याविषयी हळहळ व्यक्त करी आणि मला ती आवडत असे. हाच सराव मी स्वतः करून पाहिला तेव्हा वयाची सेहेचाळीस वर्षे पूर्ण झाली होती. उजव्या पानावर आले ते असे: ‘मी पीएच.डी. सोडली, कारण मार्गदर्शकांनी पहिल्या प्रकरणावर मारलेल्या लाल रेघा मला सहन झाल्या नाहीत.’ मग तारखा ताडून पाहिल्या. सासूबाईंचे आजारपण मी काम थांबवल्यानंतर आठ महिन्यांनी सुरू झाले होते. ते वाचून मला रडू वगैरे आले नाही. थोडी लाज वाटली आणि त्याहून जास्त सुटल्यासारखे वाटले. पीएच.डी. मी पुढेही केली नाही. पण तेव्हापासून कुणी माझ्या लेखनात चूक दाखवली की मी ती फाइल महिनाभर उघडत नाही, हे मला दिसू लागले, आणि त्याचा उपयोग झाला.

इथे एक सावधगिरी बाळगायला हवी. प्रत्येक वाक्यात ‘मी’ बसेलच असे नाही. मंदीच्या वर्षी कंपनीने बढत्याच दिल्या नसतील, तर ‘मी बढती मिळवली नाही’ हे वाक्य खोटे आहे आणि ते लिहिणे म्हणजे प्रामाणिकपणाच्या नावाखाली स्वतःला चाबूक मारणे. अशी वाक्ये डावीकडे तशीच राहू द्या आणि उजवी बाजू कोरी सोडा. जिथे कर्ता तुम्ही होता तिथे तो परत आणायचा आणि जिथे नव्हता तिथे ओढूनताणून आणायचा नाही, एवढेच काम. कामसू, जबाबदार स्वभावाची माणसे (गुणवत्ता विभागात ती पुष्कळ असतात) या दुसऱ्या चुकीत अधिक सापडतात.

तुमच्या कामातली आणखी एक सवय इथे आड येईल, म्हणून सांगते. टोयोटाच्या कारखान्यांतून जगभर गेलेली ‘पाच वेळा का विचारा’ ही पद्धत तुम्ही रोज वापरत असाल. यंत्राच्या बाबतीत पाचवा ‘का’ तेलाच्या गाळणीपाशी पोहोचतो. माणसाच्या बाबतीत तो आईवडील, बालपण किंवा नशीब यांच्यापाशी जाऊन थांबतो, आणि तिथे दुरुस्त करण्याजोगे काही उरत नाही. म्हणून स्वतःला ‘का’ कमी विचारा. काय झाले, केव्हा झाले, समोर कोण होते, मी तेव्हा काय म्हणालो आणि काय गिळले, असे विचारा.

भाषेविषयीही एक सूचना. तुमचे पत्र जिथे जिथे कारखान्याविषयी आहे तिथे ते ‘ग्रोथ’, ‘एक्स्पोजर’, ‘वर्क-लाइफ बॅलन्स’ अशा शब्दांनी भरले आहे. हे शब्द मूल्यमापनाच्या अर्जातले आहेत. वहीत तुम्ही गावी ज्या बोलीत बोलता, भांडता, त्या बोलीत लिहा. ‘एक्स्पोजर मिळाले नाही’ आणि ‘मला कुनी इचारलं न्हाई’ ही दोन वाक्ये एकच गोष्ट सांगत नाहीत, हे तुम्हाला लिहिताना कळेल.

तिसऱ्या गुरुवारी, वरच्या दहा-बारा वाक्यांपैकी जे लिहिताना हात सर्वांत जास्त वेळ थांबला, तेवढे एकच घ्या. जेम्स पेनेबेकर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटे, आयुष्यातल्या सर्वांत क्लेशकारक अनुभवाविषयी लिहायला सांगितले होते. ज्यांनी घटना आणि भावना दोन्ही लिहिल्या ते पुढच्या सहा महिन्यांत विद्यापीठाच्या आरोग्य केंद्रात कमी वेळा गेले. मात्र लिहून झाल्या झाल्या त्यांचे मन अधिक खिन्न झालेले होते. नंतरच्या असंख्य प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र केले असता सरासरी लाभ लहानच दिसतो, त्यामुळे कुणी याला रामबाण म्हणत असेल तर विश्वास ठेवू नका. तरी तुमच्यासाठी ती पद्धत मला योग्य वाटते. गुरुवारी सुरू करून रविवारपर्यंत चार दिवस, फक्त पंधरा मिनिटे, त्या एकाच गोष्टीविषयी लिहा. शुद्धलेखनाकडे पाहू नका, पेन उचलू नका. लिहिल्यावर उदास वाटले तर ते अपेक्षित आहे; त्यानंतर लगेच बसमध्ये बसू नका, दुर्गा टेकडीवर एक चक्कर मारून या. फारच जड गेले, तर तिसऱ्या पुरुषात लिहून पाहा: ‘तो त्या दिवशी साहेबांच्या केबिनबाहेर उभा राहिला आणि परत फिरला.’ स्वतःला नावाने किंवा ‘तो’ म्हणून संबोधल्याने थोडे अंतर मिळते आणि क्लेश कमी होतो, असे मानसशास्त्रज्ञ ईथन क्रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांना २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसले. लिहून झाले की ‘तो’ पुन्हा ‘मी’ करायला विसरू नका.

आता ती वडिलांची ओळ. ‘त्यांचेही बघायचे राहून गेले आहे.’ मला त्यातला ‘ही’ खटकला. तीन पाने कारखान्याविषयी आणि मग, जाता जाता, ‘ही’. मी ज्योतिषी नाही. तुमचे खरे दुखणे वडिलांविषयीचे आहे, असे मी एका अक्षरावरून सांगणार नाही. कदाचित ते बढतीचेच असेल. पण इतक्या वर्षांच्या अनुभवात मी पाहिले आहे की माणूस ज्या विषयावर तीन पाने लिहू शकतो त्यात तो बहुधा अडकलेला नसतो. त्या विषयाची त्याला सवय झालेली असते. अडकलेला असतो तो अर्ध्या ओळीत. एक बँक अधिकारी बाई (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत) सात आठवडे माझ्यापाशी बदलीच्या धोरणाविषयी बोलत होत्या. आठव्या आठवड्यात, निघता निघता, पर्स खांद्याला अडकवताना म्हणाल्या, ‘तसे आमचे दोघांचे बोलणेही फारसे होत नाही हल्ली.’ पुढचे सहा महिने आम्ही त्या ‘ही’वर काम केले. बदलीचा विषय पुन्हा निघाला नाही.

चौथ्या गुरुवारी एक साक्षीदार हवा. एकट्याने केलेले आत्मपरीक्षण आणि स्वतःच स्वतःच्या गेजचे (मोजण्याच्या उपकरणाचे) केलेले कॅलिब्रेशन, म्हणजे अचूकतेची तपासणी, यांत फरक नाही. तुमच्या विभागात तुम्ही ते मान्य करणार नाही. उजव्या पानावरची वाक्ये, सगळी नव्हे, तीन-चार, कुणाला तरी मोठ्याने वाचून दाखवा. तुमच्या निर्णयावर ज्याचे काही अवलंबून आहे असे माणूस टाळा: म्हणजे या टप्प्यावर पत्नी नको, सहकारी नको, कर्ज असताना सल्ला द्यायला टपलेला मेव्हणाही नको. शाळेतला जुना मित्र चालेल, समुपदेशक चालेल. त्याला आधीच सांगा की उपाय सुचवायचा नाही. फक्त कुठले वाक्य त्याला पटले नाही, ते सांगायचे. वाचताना कुठे तुमचा आवाज उगाच चढतो आणि कुठे तुम्ही हसून वेळ मारून नेता, हे त्याला दिसेल. तुम्हाला दिसणार नाही.

पाचव्या गुरुवारी एकच लहान कृती ठरवा, अशी जी दोन आठवड्यांत करून होईल आणि फसली तर फार नुकसान होणार नाही. नोकरी, कर्ज, जमीन यांपैकी कशाविषयीही या पाच आठवड्यांत निर्णय घेऊ नका. तुमच्या वाक्यांतून साहेबांशी न बोलणे पुढे आले असेल, तर वीस मिनिटांची भेट मागा आणि बढती न मिळण्याचे कारण विचारा, वाद न घालता उत्तर लिहून घ्या. वडील पुढे आले असतील, तर दोन दिवस गावी एकटेच जा. डॉक्टरांच्या फायली आणि सात-बारा या वेळी बॅगेत ठेवू नका.

राहिला विपश्यनेचा प्रश्न. इगतपुरीच्या धम्मगिरीत १९७६ पासून ही शिबिरे होत आहेत. दहा दिवस मौन, पहाटे चारला उठणे, दिवसाकाठी सुमारे दहा तासांची ध्यानाची बैठक, आणि शुल्क नाही. ज्यांना मन स्थिर करण्याची साधना शिकायची आहे त्यांनी अवश्य जावे. पण तिथे वाचन-लेखनाला परवानगी नसते, आणि मनात येईल त्याचे विश्लेषण करत बसणे त्या साधनेत अभिप्रेतच नाही. तुम्ही मात्र तिथे ‘नोकरी सोडू की नको’ हा प्रश्न घेऊन जाऊ पाहता. तुमच्यासारखे गेलेले काही जण अकराव्या दिवशी अत्यंत शांत मनाने परततात आणि पंधराव्या दिवशी तळवड्याच्या चौकात वाहतुकीत अडकल्यावर पुन्हा तिथेच असतात. दोष साधनेचा नसतो, तिच्याकडे जे मागितले ते तिचे काम नव्हते. पाच गुरुवार आधी करा, मग जावेसे वाटले तर जा. मानसिक आजाराचा पूर्वेतिहास असेल तर तो प्रवेशअर्जात लपवू नका.

पाच गुरुवारांनंतर कदाचित काहीच बदललेले नसेल. बस तीच, साहेब तेच, कर्जाची ९ वर्षे तीच. काही जणांना एवढेच कळते की आपण अडकलेलो नाही, आपण आपली निवड केली आहे आणि ती मान्य करायला लाजत आहोत: मुलीच्या शिक्षणाची दोन वर्षे सुरक्षित जावीत म्हणून मी याच खुर्चीत बसणार आहे, हेही उजव्या पानावरचे पूर्ण वाक्य आहे आणि त्यात कर्ता आहे.

तुम्ही पुन्हा लिहाल तेव्हा निष्कर्ष कळवू नका. दुसऱ्या गुरुवारची उजवी पाने तेवढी पाठवा, आणि वडिलांविषयीच्या वाक्यातला तो ‘ही’ राहिला की गेला, ते सांगा.